पांढरा फिल्टर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि काल माळा आवरताना तुमचा मास्क सापडला. तोच, माझ्या पहिल्या पगारातून तुमच्यासाठी घेतलेला. बाहेरून काळाकुट्ट. पुसावा म्हणून झाकण उघडलं, तर आतला फिल्टर पांढराशुभ्र! वेल्डिंगचा धूर लागला की तो लगेच काळा पडतो, हे दुकानदारानं घेतानाच बजावलं होतं. म्हणजे तुम्ही तो एकदाही घातला नाहीत. वरून काजळी फासून आणत होतात, मला दाखवायला.

संध्याकाळी बंगळुरातल्या बोम्मसंद्र्याच्या वेल्डिंग शेडमधून तुम्ही यायचात आणि मी दारातच विचारायची, "घातला होता ना?" "घातला की गं, किती विचारतीस!" म्हणत तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकायचात. गुळानं छातीतला धूर उतरतो, असं तिथले सगळेच वेल्डर म्हणायचे. मी हसायची. गूळ खुशाल खा, मास्क आहे ना, म्हणायची. काय मूर्ख होते मी! शेजारच्या अक्कांना कौतुकानं सांगत फिरले, आमचे अण्णा ऐकतात हो माझं.

ते एक वेळ सोडा. बसवनगुडीच्या त्या दवाखान्याचं मात्र मनातून जात नाही. तुमचा खोकला थांबेना म्हणून मीच तुम्हाला घेऊन गेले होते. डॉक्टर विचारतायत, "कामावर धूर जातो का छातीत?" आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत मी सांगते, "नाही डॉक्टर, मास्क असतो रोज." तुम्ही चपलांकडे बघत बसलाय. डॉक्टर कानडीत "सरी", ठीक आहे, म्हणतात आणि साधं खोकल्याचं औषध देतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा त्याच धुरात. छातीचा फोटो काढला तोवर फार उशीर झाला होता.

मास्कमध्ये गुदमरायला होत असेल, हात मंदावत असेल, मालक ओरडत असेल. सगळं समजलं असतं मला. मास्क नको म्हणायचं होतंत. भांडलो असतो. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिले असतील, असं आई म्हणते. हे कसलं मन राखणं, अण्णा? माझ्याच तोंडून खोटं वदवलंत आणि जीव घालवून बसलात. फसवलंत मला.

हे पत्र आता कुठं पाठवणार? एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. एवढा संताप झाला असतानाही मी तो मास्क नाकाला लावला, तुमचा वास येईल म्हणून. नुसता रबराचा वास आला.