टेबलावरचा लाल

धाकट्या,

घर तुझ्या नावावर करत नाही म्हणून काल तू माझ्या सैन्यावर हातोडा चालवलास. शाळेतल्या वीररसाच्या कविता गुणगुणत मी रंगवलेले, पटावर लढायचे ते बोटभर शिपाई चक्काचूर झाले. घोडेस्वार वाचवायला मी हात घातला, तरी तू थांबला नाहीस. दोन बोटं ठेचली.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

"आजोबा, टेबलावर हे काय?" हवालदाराने विचारलं.

"लाल रंग सांडला," हात पाठीमागे लपवत मी म्हणालो.

तो वाकून बघत राहिला. "आमचा पोरगाही असले शिपाई रंगवतो. त्याचा लाल वाळला तरी लालच राहतो. हा तपकिरी पडलाय."

मी हात पुढे केला. तुझं नाव मी पहिल्यांदाच परक्यासारखं, आडनावासकट उच्चारलं.

तरीही तुझेच,
बाबा