ड्रॅगनची झोप

ड्युनेडिन, मंगळवार

तीर्थस्वरूप अलास्डेर मामांना शोनाचा साष्टांग नमस्कार (टेबलाखाली कुत्रा आडवा असल्यामुळे अर्धाच घातला आहे, बाकीचा भेटीत). तुमचा गुडघा कसा आहे? एल्स्पेथ मामींच्या हातच्या गरम, लोणी लावलेल्या स्कोनना माझी आठवण सांगा. मी इकडे खुशाल आहे. निदान आता आहे.

लहानपणी गोर गावी तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही आम्हा भाचरांना फासे टाकून जो खेळ खेळवायचात, तो आमची कंपनी संगणकावर आणते आहे, हे तुम्ही एव्हाना अख्ख्या गावाला सांगितलंच असेल. त्यातल्या मंत्रांचं माप ठरवणं, म्हणजे कुणाला किती वेळ झोप, किती वेळ भीती, किती वेळ आंधळेपण, हे माझं काम. तुमचा लाडका निद्रामंत्र मी जसाच्या तसा घातला. पण आमच्या सेफीनाला पगारच मिळतो तो खेळात खोड काढण्याबद्दल. तिनं शेवटच्या ड्रॅगनला झोपवलं, तो डोळे किलकिले करतोय तोच परत झोपवलं, आणि एका हातानं सँडविच खात त्याला लाकडी चमच्यानं बडवून मारलं. वर म्हणते, "बिचारा फार दमला होता गं!"

मग मी झोप इतकी कमी केली, की ड्रॅगन डुलकी काढून उलट ताजातवाना होऊन उठायला लागला. मंत्राकडे कुणी ढुंकून बघेना. आमचे साहेब तामाटी म्हणाले, "काढूनच टाक, शोना. शुक्रवारी ऑकलंडहून ग्रेटाबाई येतायत. खेळ बाजारात जाणार की नाही ते त्या ठरवणार." तुमचा मंत्र काढायचा? (ज्या मंत्रानं तुम्ही आम्हाला दर रविवारी वाचवायचात, तो?) माझा काही धीर होईना. मी शक्कल लढवली. झोप वाढवली नाही, पसरवली. एकानं जांभई दिली की शेजारच्यालाही यावी, तशी. फक्त शेजारचा म्हणजे किती लांबचा, हे संगणकाला सांगायचं राहून गेलं.

शुक्रवारी ग्रेटाबाईंसमोर तामाटींनी मोठ्या ऐटीत मंत्र टाकला. ड्रॅगननं जांभई दिली. मग पहारेकऱ्यांनी, मग राजानं, घोड्यांनी, नदीतल्या माशांनी, आणि शेवटी खुद्द आपल्या नायकानं. राज्य गाढ झोपलं आणि उठवायला कुणी शिल्लक राहिलं नाही. तामाटी माझ्याकडे बघत होते, मी छताकडे. तेवढ्यात ग्रेटाबाईंनी स्वतःच आऽऽ करून जांभई दिली, पाठोपाठ तामाटींना आली, मला आली, आणि बाई जे हसत सुटल्या, ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत! म्हणाल्या, "पण हा ड्रॅगन नुसता ओंडक्यासारखा पडलाय कसा? आमचे हे झोपेत कूस बदलतात ना, तेव्हा मी थेट जमिनीवर असते!"

मामा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता जांभई पसरत नाही. ड्रॅगन मनसोक्त झोपतो, पण कूस बदलतो, आणि जवळ जाऊन बडवणाऱ्याची पोळी होते. जितक्यांदा झोपवाल तितका जास्त लोळतो. सोमवारी सेफीना लागोपाठ चिरडली गेली आणि किंचाळली, "हा शुद्ध अन्याय आहे!" आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. ग्रेटाबाईंचा होकार आला, मंत्र राहिला, आणि तामाटी शीळ घालत फिरतायत.

तुमची लाडकी (हे मामींनाही वाचून दाखवा),
शोना

ता. क. : खरं तर पत्र लिहिलं ते एका कामासाठी. ड्रॅगनला घोरणं हवंय. बैल, ट्रॅक्टर, समुद्रसिंह, सगळे ऐकून झाले, कुणातच दम नाही. मामी म्हणतात, तुमच्या तोडीचं कुणी नाही. आवाज द्यायला दोन दिवस इकडे याल का?

ता. क. २ : येऊ नका. मामींनी रविवारी जेवणानंतर तुमच्या उशाशी फोन ठेवला होता, तो आवाज आत्ताच पोचला. ड्रॅगन फर्मास जमलाय. मध्येच तुम्ही झोपेत "एल्स्पेथ, पुडिंग लपव, शोना आली" म्हणता, तेवढं मी कापणार होते. पण ग्रेटाबाई म्हणतात, तेही राहू द्या.