भावनाला न्यायला का आलो नाही

नाचणगाव,
९ एप्रिल २००३

आदरणीय व्याही ताराचंदजी यांस,
बाबारावाचा सविनय जयभीम.

आपण, विहीणबाई आणि जावईबापू अनुप, सगळे खुशाल असाल अशी आशा करतो. विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? भावनाची चौकशी वेगळी करत नाही, कारण पुढचं सगळं पत्र तिच्याबद्दलच आहे. मी बरा आहे. (उजव्या हाताची दोन बोटं भाजली आहेत म्हणून अक्षर असं आलं आहे. एरवीही फार सुंदर नसतं.)

रविवारी तिकडे जाम गावी तुम्ही सगळे वाट पाहत बसला असाल. विहीणबाईंनी पोरीसाठी नवं लुगडं आणलं असेल, शेजारच्या बायांना बोलावलं असेल, आणि पोरीचा बाप आलाच नाही. संध्याकाळी बूथवरून फोन केला तेव्हा 'गाडी बिघडली' एवढंच बोलून मी ठेवून दिला. तुमचा फोन बैठकीत आहे, भावना जवळच बसलेली असणार, आणि त्या दिवशी आवाज काही माझ्या ताब्यात नव्हता. म्हणून हे पत्र. कृपया एकट्यानं वाचावं.

सातव्या महिन्यात पोरीला एसटीनं आणायचं नाही, अशी तिच्या आईची, धुरपताची, सक्त ताकीद आहे. (तिला जाऊन दीड वर्ष झालं, पण ताकिदी चालूच आहेत.) म्हणून फियाट. तुमचं टायरचं दुकान हायवेवर, तुम्ही दिवसभर गाड्याच पाहता, तेव्हा माझ्या गाडीबद्दल तुमचं मत मला ठाऊक आहे. लग्नात तुम्ही ते लपवलं होतं, त्याबद्दल आभारी आहे. तर या गाडीचा पाण्याचा पंप महिनाभर ठिबकत होता. दर सकाळी तिच्याखाली ओल दिसायची, आणि इंजिन चालू केलं की जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज यायचा. पुलगावहून नवा पंप आणला, हिरव्या कूलंटचा डबा आणला. मिस्त्रीही मिळत होता. पण मी त्याला बोलावलं नाही, आणि का बोलावलं नाही ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

शेजारची नलूवहिनी मनानं सोन्यासारखी, पण बोलते ते थेट. ती कुंपणावरून म्हणाली, "भाऊजी, पोरगी आणून राह्यले, चांगलंच करून राह्यले. पण तिले तेल कोन लावन, शेक कोन देईन? तुमी?" तुम्हीही हेच विचारलं होतं, फक्त सभ्य शब्दांत. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, असं मी मान ताठ करून तुम्हाला सांगितलं होतं. नलूवहिनीनं विचारलं तेव्हा मात्र मी बाहेर जाऊन गाडीचं बॉनेट उघडलं. आपल्या हातानं एवढं काम झालं तर घरात बाई नसली तरी ते दुसरंही निभेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आता लिहिताना ते वेडेपणाचं वाटतं.

जुनं पाणी काढायला गाडीखाली परात ठेवली. (ती परात आता भाकरीच्या कामाची राहिली नाही, हे नंतर नलूवहिनीनंच सांगितलं.) पंखा काढला, पट्टा काढला, बोल्ट काढले. समोरचे किराणावाले हिरालालजी खुर्ची टाकून बसले होते. "बाबारावजी, मिस्त्रीले बोलवा ना, काऊन हात काळे करून राह्यले?" असं ते अधूनमधून म्हणत आणि चहा पीत. जुनं पॅकिंग सुरीनं खरवडलं, नवा पंप बसवला, बोल्ट आवळले. पाण्याचं तर विचारूच नका. आमच्या विहिरीचं पाणी जड, म्हणून ते उकळलं, गार केलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं आणि मग कूलंटमध्ये मिसळलं. हिरालालजी म्हणाले, एवढं तर लोक लहान पोरासाठी नाही करत. मी फडकं पिळलं. लहान पोरासाठीच तर हात बसवत होतो.

चूक पुढे झाली, आणि ती माझ्यासारखाच माणूस करू शकतो. अख्खी नोकरी मी कालवा निरीक्षक म्हणून पाण्यामागे फिरलो. पाटाचं दार उघडलं की पाणी आपली वाट आपण काढतं, शेवटच्या शेतापर्यंत पोचतं, हे माझं ज्ञान. म्हणून मी रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण लावलं आणि पंपाला हळदकुंकू तेवढं लावलं नाही. पण इंजिन म्हणजे उघडा पाट नव्हे. झाकण उघडं ठेवून ते थोडा वेळ चालवायचं, आत कोंडलेली हवा बाहेर येऊ द्यायची, मग पुन्हा भरायचं, असं असतं म्हणे. आमच्या पाटात हवा कधी कोंडली नाही हो.

रविवारी निघालो. मागच्या सीटवर गादी अंथरली होती, दोन उशा, पाण्याची सुरई आणि थोडी चिंच. देवळीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. तापमानाचा काटा मात्र थंडच दाखवत होता. (त्याचं आतलं टोक कोंडलेल्या हवेत होतं, त्याला तरी काय कळणार, असं मिस्त्री नंतर म्हणाला. तापून इंजिनचं हेड वाकलं आहे, हेही म्हणाला.) मी दुपट्टा गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं हिरवं पाणी डोक्याच्या वर उडालं. बोटांवरच निभावलं.

मग रस्त्याच्या कडेला उतरून बसलो. लांबपर्यंत सावली नाही, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मागे पाहिलं तर गादीवर दोन उशा. व्याहीबुवा, हेच परतताना झालं असतं तर त्या उशांवर भावना असती. नोकरीत दोनदा पूर पाहिला, पण एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मला रडू आलं. एक ट्रॅक्टरवाला थांबला, त्याला वाटलं हात पोळला म्हणून म्हातारा रडतो आहे. मी तसंच वाटू दिलं. त्यानंच दोर बांधून गाडी घरापर्यंत ओढून आणली.

तेव्हा आता वाद नको. बाळंतपण तुमच्याकडेच होऊ द्या. विहीणबाईंचा हात तिच्या पाठीवर असला की मला झोप लागेल. मला पंप बसवता येतो, तोही अर्धाच. तिची आई मला होता येत नाही.

आपला,
बाबाराव

ता. क. भावनाला हेडचं, बोटांचं काही सांगू नका. सातव्यात प्रवास नको असं तुम्हीच ठरवलं, असं सांगा. ती रागावेल. तुमच्यावर रागावलेली बरी, तुम्ही समोर आहात, समजूत काढाल.

ता. क. दुसरं. खरं विचारायचं राहूनच गेलं. लग्नानंतर दोन-तीनदा तुमच्याकडे आलो, पण घोटभर पाणी घेतलं नाही. विहीणबाईंना वाईट वाटलं असेल. मुलीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्या आईची रीत. छप्पन साली आम्ही सगळं जुनं सोडलं, पण ही एक आईनं पदराखाली लपवून आणली आणि धुरपताच्या हवाली केली. धुरपताची म्हणून मी पाळत आलो. तर जून लागला की मी एसटीनं येतो म्हणतो. दुकानामागे एक खाट टाकून द्या. बायांच्या कामात लुडबुडणार नाही, दवाखान्यात डबा नेईन, पाणी तापवून देईन. पण तेवढे दिवस तहानलेला राहणं या वयात जमायचं नाही. म्हणून आल्याबरोबर भावनाच्या हातून एक गिलास पाणी घेईन, बाळ यायच्या आधीच. चालेल ना? धुरपताला काय सांगायचं ते मी पाहीन.