पहिल्या चेहऱ्यावर बोट

१२ मे, दुपार
अक्षर सुनेचं, अक्कल माझी.
काल नातीच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं. वाकडा कणा सरळ केला, आत सळ्या बसवल्या. औषध सिस्टर देतील, पण पोरीचं दुखणं सांभाळणार मी.
सिस्टरांनी एक तक्ता आणलाय. ओळीने सहा चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका. किती दुखतंय ते पोरीने बोट ठेवून सांगायचं. मला अक्षर येत नाही, पण हा तक्ता फाडफाड वाचला. नातीला बजावलं, आपल्या घरात रडक्यापर्यंत कोणी गेलेलं नाही. तिने माझ्याकडे बघत दुसऱ्यावर बोट ठेवलं. शाब्बास!
सून माझ्या गुडघ्याचं विचारते. ठणठणीत आहे. जिन्यात मध्येच बसले ती खिडकीबाहेरची शोभा बघायला.

१३ मे
आज थेट पहिला चेहरा! वॉर्डात फर्स्ट. शेजारच्या खाटेवरचा पोरगा पाचव्यावर. त्याच्या आईला म्हटलं, फार लाडावलाय हो. तिने पाठच फिरवली.
फिजिओवाल्या ताई नातीला उठवून बसवायला आल्या, तर ती हात लावू देईना. जेवणही तसंच. गादी टोचत असणार. तक्रार करणार.
सून म्हणते, "आई, तिला दुखतंय." म्हटलं, तक्ता काय सांगतो? आता तिचं पेन कागद फाडेल असं चालतंय.

१४ मे
पुन्हा पहिला, पुन्हा बसेना. उशीचा कोपरा मुठीत घट्ट. सिस्टर म्हणाल्या, दुखणं वेळेवर कळलं तर औषधाने आवरतं, आणि आवरलं तरच पोर उठते. म्हटलं, दुखतच नाही तर आवरायचं काय? तर म्हणाल्या, "आजी, जरा चहा पिऊन या."
किती काळजी माझी!

१४ मे, चहानंतर
नातीचं बोट पाचव्यावर. डोळ्यांना धारा. डॉक्टर येऊन औषध वाढवून गेले. पोर सिस्टरांना म्हणाली होती, "आजीसमोर विचारू नका ना. तिला वाईट वाटतं."
सून वर न बघता लिहितेय.
चहा पाणचट होता.

१५ मे
नात बसली. मग उभी राहिली, खिडकीपर्यंत गेली म्हणे. मी पाहिलं नाही. तक्ता निघाला की आजी बाहेर, असा हुकूम आहे.
सगळं आटोपल्यावर आतून हाक आली, "आजी, ये, मी उभी आहे!" बाकावरून उठायला गेले, तर गुडघा उठेना. सिस्टर तक्ता घेऊन माझ्यासमोर. मी पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. त्या हलेनात.
सूनबाई, वही मिट. जा, जरा चहा पिऊन ये.