पंधरा पावलांवरची बीअर

मलकापूर (कराड),
ता. १९ मे १९७४

तीर्थरूप नाथादादास,
धाकट्या विजूचा वाकून नमस्कार.

"विजे, लष्करातला माणूस आहे. सांगशील ते करील, तेव्हा सांगताना जपून सांग." माझ्या लग्नात वरातीची गाडी हलायच्या आधी, माझ्या ओटीतला नारळ नीट बसवत तू हे बोलला होतास. पंचवीस वर्षं झाली. मी ते इतकं पाळलं की ह्यांना "जरा थांबा" असंही कधी म्हटलं नाही, कारण हे खरोखर थांबले असते. पण दादा, ही सूचना तू मला एकटीला देऊन चुकलास. तिची एक प्रत सरकारला पाठवायला हवी होती.

तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचे गुडघे उतरले का? कवठ्याच्या विहिरीला पाणी किती उरलंय? तुझ्या नशाबंदी समितीचा सप्ताह नीट पार पडला असेल. (गेल्या वर्षीसारखा बँडवाल्यांनी घोळ घातला नसेल अशी आशा आहे. "दारू सोडा" ची मिरवणूक असताना ताशेवाल्याला दोघांनी धरून चालवायला लागणं बरं दिसत नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. सुखरूप म्हणजे आमच्या घरावर सध्या एकच पंचनामा आहे.

सगळं पहिल्यापासून लिहिते, कारण तू या घरात पाऊल टाकत नाहीस त्याला दोन वर्षं होतील. ह्यांच्या कपाटात पलटणीच्या कँटीनची रमची बाटली तुला दिसली आणि तू चहा अर्धा टाकून उठलास. (ती बाटली अजून अर्धी आहे. दोन वर्षांत अर्धी. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, हिशेबही नव्हे, नुसतं लिहिते.)

सुभेदारी संपवून हे घरी आले, तेव्हा पहिले सहा महिने लोक लढाईच्या गोष्टी ऐकायला येत. मग त्यांच्या गोष्टी ऐकून झाल्या. ऊस भाऊबंद बघतात, तिथं सुभेदाराला काम नाही. हे पहाटे साडेपाचला उठायचे, बूट चकचकीत करायचे, घालायचे आणि कुठंच जायचं नसायचं म्हणून पुन्हा काढून ठेवायचे. मग दिवसभर बाजेवर, भिंतीकडं तोंड करून. मी त्या भिंतीचा पोपडा न् पोपडा ओळखते, कारण हे काय बघतात ते बघायला मीही तिथं बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी जेवताना हे अचानक बोलायला लागले. दुसऱ्या लढाईत, विशीतले असताना, इटलीतल्या डोंगरातल्या एका गावात ह्यांची तुकडी एका म्हातारीच्या घरी उतरली होती. ती बाई मागच्या खोलीत सातूची बीअर करायची आणि पुढच्या खोलीत बाकावर बसवून गावाला पाजायची. कोणी झिंगून पडत नव्हतं, कोणी बायकोला मारत नव्हतं. लोक एक पेला घ्यायचे, तास दोन तास बोलत बसायचे आणि घरी जायचे. ह्यांनी तिच्याकडून ते सगळं शिकून घेतलं होतं, तीस वर्षं डोक्यात ठेवलं होतं आणि आता म्हणत होते की पुणे-बंगळूर रस्त्याला लागून आपली पुढची खोली रिकामीच आहे. मी आबांची मुलगी. ताडीच्या दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांची वाट अडवायला भर उन्हात आडवे झालेले आबा मी पाहिले आहेत. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि पाहिलं, तर हे ताटावरून उठून, उभे राहून, खरकट्या हातानं हवेत भट्टी काढून दाखवत होते. मी म्हटलं, "अर्ज करून बघा." (पंचवीस वर्षांत जपून न सांगितलेलं माझं हे एकच वाक्य.)

अर्ज मीच लिहिला. नशाबंदीची पत्रकं नकलून आबांनी माझं अक्षर वळणदार केलं होतं, ते असं कामाला आलं. साताऱ्याचं ते खातं तू पाहिलं असशीलच. दारू बंद करणं आणि दारूचे परवाने देणं ही दोन्ही कामं तिथं एकाच खोलीत चालतात, आणि सोडणारा व विकणारा असे दोघेही एकाच बाकावर रांगेत बसतात. तिथं आम्हाला कळलं की बीअर करायचा अर्ज वेगळा आणि विकायचा वेगळा. करणाऱ्यानं विकायची नाही, विकणाऱ्यानं करायची नाही, आणि दोन्ही एका छपराखाली तर नाहीच नाही. हे म्हणाले, मग मागच्या खोलीतली पुढच्या खोलीत आणायची कशी? कारकुनानं फार मायेनं समजावून सांगितलं. आम्ही बीअर करून पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याला द्यायची. मग ती पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून आणायची. आमच्या मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत यायला पंधरा पावलं लागतात (ह्यांनी मोजली, दोनदा, कवायतीच्या पावलानं), पण कायद्यानं ती कात्रजच्या घाटातून दोनदा जाऊन यायला हवी. मी म्हटलं, प्रवासानं चव सुधारत असेल. कारकून म्हणाले, तसं नियमात नाही.

मग अंतराचं निघालं. जवळपास शाळा नको, देऊळ नको. आकाराम नावाचे शिपाई फीत घेऊन आले. शाळा लांब भरली, पण पुढच्या दारापासून मारुतीचं देऊळ आठ हात कमी पडलं. आकाराम सहज बोलून गेले, दार त्या अंगाला असतं तर बसलं असतं. चौथ्या दिवशी दार त्या अंगाला होतं. ह्यांनी भिंत फोडून, चौकट काढून, नवी बसवून, जुनं भोक बुजवूनही टाकलं. आकाराम पुन्हा आले आणि नव्या दारातून आत शिरताच त्यांना समोर सासूबाईंचं देवघर दिसलं. ते त्यांनी मोजलं. तीन हात. वर्षातून एकदा भावकी इथं जागराला जमते, म्हणजे हे सार्वजनिक देवस्थान का मानू नये, असा प्रश्न वरती साताऱ्याला गेला. तो अजून तिथंच आहे. (सासूबाई मात्र खूश आहेत. साताऱ्याला देवाचं नाव लागलं म्हणतात.)

शिवाय आपण केलेली बीअर ह्यांना चाखायची तर चाखायचाही परवाना हवा, आणि तो मिळतो प्रकृतीच्या कारणावरून. डॉक्टरनी ह्यांना अर्धा तास तपासलं. काहीच सापडेना. शेवटी ते हात धुताना म्हणाले, सुभेदार, तुम्ही इतके धडधाकट आहात की मला तुमच्यासाठी काही करता येत नाही. जन्मात पहिल्यांदा मी ह्यांना स्वतःच्या तब्येतीबद्दल खजील झालेलं पाहिलं.

आता मुख्य गोष्ट. निरीक्षक आठल्येसाहेब हे सज्जन गृहस्थ आहेत. मूळ वाईचे, स्वतः सुपारीसुद्धा न खाणारे. फाइल बरीच जाड झाली तेव्हा ते कंटाळून म्हणाले, "नमुना पाहिल्याशिवाय पुढं काही व्हायचं नाही." ते वाक्य अर्जदाराला घरी पाठवण्यासाठी असतं, हे आठल्येसाहेबांना ठाऊक, आकारामांना ठाऊक, बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक. ह्यांना मात्र ती ऑर्डर वाटली. नमुना करायला परवाना लागतो आणि परवान्याला नमुना लागतो, हे मी वाटेत सांगायला गेले, तर हे म्हणाले की वरिष्ठांनी विचार करूनच सांगितलं असेल.

तीन आठवडे आमचं घर इटली झालं होतं. सातू भिजवले, मोड आणले, वाळवले, भाजले, भरडले. खमीर कराडच्या पाववाल्याकडून आलं. त्या म्हातारीची कसली कडू फुलं इकडं मिळत नाहीत, म्हणून ह्यांनी कडुनिंबाचा मोहोर घातला. (पाडव्याला आपण तो खातोच, मग लोकांना नवीन वाटणार नाही, हा ह्यांचा युक्तिवाद.) दादा, त्या तीन आठवड्यांत हे एकदाही बाजेवर बसले नाहीत. भांड्याला कान लावायचे आणि मला बोलवायचे, "ऐक, चाललंय आत." मीही ऐकायचे. पावसाआधी मातीत काही हलावं तसा बारीक आवाज येतो. आबांनी मला क्षमा करावी.

गेल्या मंगळवारी भर दुपारी आठल्येसाहेब आकारामांना घेऊन अचानक जागा बघायला आले. ऊन मी म्हणत होतं. हे मंडईत बाटल्यांना बुचं बघायला गेले होते, मी आत पीठ मळत होते. सासूबाईंना तू ओळखतोस. राहीबाईंच्या दारातून वैरीसुद्धा कोरड्या घशानं जात नाही. त्यात आमच्याकडं नवं काहीही आधी देवापुढं ठेवतात, मग घरात खातात. उसाचा पहिला रस असो, म्हशीचं पहिलं दूध असो. ह्यांनी त्या सकाळी पहिलं तांब्याभर काढून, रीत म्हणून, देवापुढं ठेवलं होतं. सासूबाईंच्या दृष्टीनं ते सातूचं पाणी. उन्हाळ्यात सातू थंड. त्यांनी तो तांब्या उचलला, वर गुळाचा खडा विरघळवला आणि दोन वाट्या घेऊन बाहेर गेल्या. "घ्या सायेब. सातूचं हाय, देवाम्होरचं. उनाचं लय बरं असतंया."

साहेबांनी देवाचं म्हणून आधी उजव्या तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि प्यायले. मग वाटी प्यायले. मग दुसरी मागितली. मी पिठाच्या हातानं धावत बाहेर आले तेव्हा ते टोपी काढून, बाकावर मागं रेलून, वाईच्या आपल्या आईबद्दल बोलत होते. आकारामांची तिसरी वाटी चालू होती. तेवढ्यात हे आले, खाडकन टाचा जुळवून सलाम केला आणि म्हणाले, "सर, नमुना तयार आहे. आपण घेतलात तोच."

आठल्येसाहेबांचा चेहरा मला विसरता येणार नाही. माणूस आयुष्यभर ज्या दारावर पहारा करतो, त्याच्या आतल्या बाजूला आपण उभे आहोत असं त्याला कळावं, तसं झालं. पण नोकरी ती नोकरी. त्यांनी पंचनामा काढला. विनापरवाना तयार केलेली बीअर, एक मोठं भांडं. किती केली हे ह्यांनी खरंखुरं सांगितलं, किती शिल्लक आहे ते मोजलं, आणि मधला तांब्याभर कुठं गेला हे कोणाच्या नावावर लिहायचं यावर लेखणी अडली. साहेब आकारामांकडं बघेनात, आकाराम साहेबांकडं बघेनात. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यात काय एवढं? द्येवानं पिलं म्हून लिवा की." दादा, तसं लिहिलंय. "उर्वरित मुद्देमाल देवास अर्पण." खाली साहेबांची सही आहे.

जाताना साहेबांनी मला बाजूला घेऊन सुटकेची वाट सांगितली. सुभेदारांनी एवढंच लिहून द्यावं की हे सातूचं सरबत आहे. सरबताला परवाना लागत नाही, पंचनामा आपोआप मिटतो. अर्जही मिटतो, अर्थात, कारण सरबतासाठी बीअरचा परवाना कोण देणार? आणि ती बीअर आहे असं लिहिलं, तर अर्ज जिवंत राहतो आणि खटला उभा राहतो. मी ह्यांना हे सगळं सांगितलं. ह्यांनी मंडईतून आणलेली बुचं पिशवीत परत भरली. मग म्हणाले, "मी ते सरबत केलं नाही, विजयमाला." ह्यांनी मला पूर्ण नावानं हाक मारली तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्या दिवसापासून हे पुन्हा बाजेवर आहेत. बूट पॉलिश करणंही बंद झालं.

असो. वहिनींना नमस्कार. पत्र लांबलं, पण या घरात सध्या बोलणारी मी एकटीच आहे.

तुझी,
विजू

ता. क. – आठल्येसाहेबांनी आणखी एक सुचवलं होतं, ते निरोप म्हणून कळवते. तुझ्यासारख्या नामांकित नशाबंदी कार्यकर्त्यानं "मी पाहिलं, हे सरबतच आहे" असं दोन ओळींत लिहून दिलं, तर ह्यांच्या सहीची गरज उरणार नाही. कोणी शंका घेणार नाही. तरी तू तसं लिहू नकोस. लिहिलंस तर मी ते फाडीन.

पुन्हा ता. क. – मी एक वाटी प्यायले. पंचनाम्यानंतर, सील लावायच्या आधी. निंबाचा मोहोर जास्त झाला आहे. बाकी काही झालं नाही, फक्त सुंदर लागली. हे तू आबांच्या तसबिरीसमोर मोठ्यानं वाचू नकोस.

शेवटचं – या सहा महिन्यांत ह्यांना प्रत्येकानं विचारलं की किती केली, कुठं केली, कोणाच्या हुकमानं केली. कशी केली हे कोणीच विचारलं नाही. मला आता ते पाठ आहे, त्यामुळे माझं विचारणं ह्यांना खोटं वाटतं. दादा, तू एक दिवस ये. पिऊ नकोस, वास घेऊ नकोस, हवं तर रुमाल नाकाला लाव. फक्त बाजेशेजारी बस आणि विचार, "पाव्हणं, कशी केलीत?" आणि मग शेवटपर्यंत ऐक. सव्वा तास लागतो. तू येणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तरी रविवारी सांगलीहून साडेदहाला कराडला पोचणारी गाडी आहे. मी स्टँडवर येऊन उभी राहीन.