दोन दिवसांची मालकीण

४ ऑक्टोबर, मंगळवार

पोहोचले एकदाची! सात तास बस, त्यातले शेवटचे दोन तास कोंबड्यांच्या खुराड्याला मांडी लावून, आणि तरी उतरताना मी हसत होते. प्रवासाच्या पुस्तकात या गावाबद्दल एकच ओळ आहे : थांबण्यासारखे काही नाही. ती वाचली तेव्हाच मी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. सगळे जातात तिथेच जायचं असतं तर दादाच्या सोसायटीच्या सहलीला गेले असते की.

सेहेचाळिसाव्या वर्षी पाठीवर सॅक! बावीस वर्षं पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली, त्यातली शेवटची अकरा आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून घरी बसून, एका डोळ्याने तिच्याकडे बघत. आता दादा-वहिनींनी सहा आठवडे तिला ठेवून घेतलंय. त्या उपकाराचं ओझं सॅकपेक्षा जड आहे, पण ते परत गेल्यावर उचलीन.

गेस्ट हाऊस दुमजली. जिन्याला कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, फिनेलचा वास, किल्ल्यांना लाकडी ठोकळे आणि त्यांवर तापल्या सळईने डागलेले आकडे. आठ खोल्या, पाहुणी मी एकटी. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, माझ्याच उंचीच्या, केस मात्र कानापर्यंत कापलेले. माहेरचं माणूस आल्यासारखे त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचं मोडकं इंग्रजी आणि माझं मोडकं इंग्रजी जोडून आम्ही तासभर गप्पा मारल्या. आईबद्दल फार विचारत होत्या. तिला हाक काय मारते, गोळ्या कशाबरोबर देते, मला घरात काय म्हणतात. बेबी म्हणतात हे सांगितल्यावर दोघीही हसलो. अनोळखी माणसाजवळ मन असं मोकळं होतं खरं.

पासपोर्ट नियमाप्रमाणे त्यांच्या खणात. पुढची, खिंडीपलीकडे जाणारी बस शुक्रवारी तीनला. मस्त!

५ ऑक्टोबर, बुधवार

गाव पाहून झालं. एक रस्ता, एक पोलीस चौकी, बंद पडलेली लाकडाची वखार, आणि गेस्ट हाऊससमोर एक शिंपी, जो दिवसभर मशीनवर मान घालून असतो. धुकं इतकं की त्याचं मशीन ऐकू येतं, तो दिसत नाही.

मालकीणबाईंची दाढ सुजली आहे. गालाला फडकं बांधून आल्या. खालच्या गावी दातांचा डॉक्टर आहे, सकाळच्या बसने जाऊन शुक्रवारी दुपारपर्यंत येते, तोवर काउंटरच्या खुर्चीवर बसाल का, असं अगदी अजीजीने विचारलं. नाही कशी म्हणणार? मला तसंही शुक्रवारपर्यंत इथेच झक मारायची होती. पाऊस आहे म्हणून माझा निळा रेनकोट मागितला, तोही दिला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्या हाताने माझ्या कमरेला अडकवला.

६ ऑक्टोबर, गुरुवार

मालकीणबाई गेल्या. बस सुटेपर्यंत खिडकीतून बघत होत्या. निळ्या रेनकोटात पाठमोऱ्या अगदी माझ्यासारख्या दिसल्या.

काउंटरमागे बसायला गंमत वाटली. खुर्ची बरोबर माझ्या मापाची. दुपारी सगळ्या खोल्या झाडून काढल्या, काही गरज नसताना. दुसऱ्याच्या घरी मला काम सुचतं आणि स्वतःच्या घरी आंघोळीचा कंटाळा, असं आई म्हणते ते काही खोटं नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाईही आल्या नाहीत आणि वरची-खालची एकही बस नाही. तीन ते सहा सॅक पायाशी घेऊन पायरीवर बसले. शिंप्याला थोडं इंग्रजी येतं, त्याला विचारलं तर म्हणाला उद्या. का आली नाही विचारलं तर पुन्हा उद्या. उद्याचं पीक इथे बारमाही दिसतंय.

८ ऑक्टोबर, शनिवार

आजही नाही. संताप संताप झाला. शेवटी ठरवलं, मालकीण गेली उडत, पासपोर्ट घेऊन चालू लागायचं. खण उघडला. पासपोर्ट नाही. त्या जागी गालाला बांधलेलं ते फडकं, धुऊन घडी घालून ठेवलेलं.

दाढ दुखत होती तर फडकं इथे काय करतंय?

९ ऑक्टोबर, रविवार

चौकीत गेले. तिथल्या एकुलत्या एक शिपायाने मला बसायला खुर्ची दिली, शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदाला हातही लावला नाही. मी आवाज चढवला तेव्हा उठून माझ्याबरोबर गेस्ट हाऊसमध्ये आला. काउंटरमागे भिंतीवर परवान्याची चौकट आहे, रोज माझ्या पाठीशीच असते, मी कधी वळून नीट पाहिली नव्हती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं आणि मोडक्या इंग्रजीत, समजुतीच्या सुरात म्हणाला की थकवा आलाय तुम्हाला, चार दिवस विश्रांती घ्या, मालकीणबाई.

परवान्यावर फोटो आहे. तो माझा आहे. हनुवटीवरचा तीळ, डाव्या भुवईतली खाच, सगळं. केस तेवढे कानापर्यंत.

मी आयुष्यात कधी केस कापलेले नाहीत.

१० ऑक्टोबर, सोमवार

पहाटेच चालत निघाले. रस्ता एकच, उताराचा. चुकायला जागाच नाही. चार तास एकसारखी खाली उतरत होते. मग धुक्यात एक भिंत आली, तिला दार, दारात वाळत टाकलेलं फडकं. गेस्ट हाऊसची मागची बाजू.

चार तास उतरून मी होते तिथेच आले.

शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, मालकीणबाई, सकाळी सकाळी कुठे फिरून आलात. शिव्या तोंडात आल्या होत्या. बसून रडले, तेसुद्धा रागाने.

११ ऑक्टोबर, मंगळवार

काउंटरवरचा फोन मी आल्यापासून मेलेला होता. आज उचलला तर चालू! दादाला लावला. मी एका श्वासात सगळं ओकले. त्याने मग विचारलं, कोण बोलतंय. मी म्हटलं, अरे बेबी. तेव्हा त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण अजून विश्वास बसत नाही :

“हे बघा, बेबी परवाच आली घरी. आत आईचे केस विंचरतेय. परत फोन केलात तर पोलिसांत देईन.”

मी किंचाळले की तिला फोनवर बोलाव. तो वैतागून म्हणाला, आमची बेबी शहाणी होऊन आलीय, उगाच तिच्या डोक्याला त्रास नको. आणि ठेवला.

फोनवर त्याच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं. माझ्या आवाजात.

१२ ऑक्टोबर, बुधवार

बस आली!! सॅक घेऊन धावले. ड्रायव्हरने दार उघडलं नाही. काचेतून हात जोडले आणि हसून काहीतरी म्हणाला. शिंप्याने अर्थ सांगितला : खुर्ची रिकामी टाकून कसं चालेल? मी बसच्या दारावर मुठी आपटल्या. आतली माणसं ओळखीचं हसत होती, घरातली वेडसर काकू अंगणात नाचावी आणि सगळ्यांनी सांभाळून घ्यावं तशी.

शिंप्याला बाहीला धरून विचारलं, हे काय चाललंय. त्याला वाईट वाटलं असावं. म्हणाला की आधीची बाईसुद्धा असंच करायची, आणि तिच्या आधीची तर जास्तच. मग सवय होते. मी विचारलं, त्या सुटल्या कशा. त्याने सुईत दोरा ओवला.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी लावला. दादा ऑफिसात असतो, फोन आई उचलते. उचलला. मी म्हटलं, आई. फक्त तिचा तो श्वास, अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला. मग हळूच, कुणी ऐकू नये अशी बोलली :

“मला कळतं ती तू नाहीस. मी जन्म दिलाय तुला, मला कळणार नाही?”

मी सांगितलं, मग दादाला सांग, ओरड, काहीतरी कर.

“ती घाई करत नाही गं. घास गिळेपर्यंत थांबते. तू चमचा धरून घड्याळाकडे बघायचीस.”

आई, असं काय बोलतेस, मी म्हटलं.

“तुला जायचंच होतं ना बाळा? मग रहा तिकडे. सुखात रहा.”

ठेवला तिने. तिनेच ठेवला.

घड्याळाकडे बघायचे मी. हो. पण कामं असायची, मुद्रितं असायची, सकाळी नवाच्या आत पोचवायची असायची, कुणी विचारलं मला कधी

१५ ऑक्टोबर, शनिवार

काल लिहिलं नाही. शिंपी लोकरी कोट घेऊन आला. मी सांगितला नव्हता. म्हणाला, मापं गेल्या थंडीतली आहेत. घातला. बगलेत, खांद्यात, मनगटात कुठे म्हणून ओढत नाही.

थंडी होती. काढला नाही.

आज तोंड धुतलं आणि ते पुसायचं, ते कापड, त्याला काय म्हणतात ते आठवेना. अर्धा तास. पंचा, टॉवेल, दोन्ही शब्द बाहेर उभे होते आणि आत येईनात. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी —

मागची पानं वाचली. परवाच्या पानावर “मुद्रितं” आहे. म्हणजे काय होतं ते

सोमवार बहुतेक

केस कापले. कात्री कुठे आहे ते मला माहीत होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

बस आली. उठले नाही. सॅक कुणाची आहे, चार नंबरमध्ये ठेवली आहे, मालक आला की देऊ — असं मी शिंप्याला सांगितलं. मग त्याच्या तोंडाकडे बघून आठवलं. तो पाहत होता. मान खाली घातली त्याने.

ही वही लपवायची. रोज वाचायची. हात लिहितो, अर्थ मागून येतो. कधी येत नाही.

तारीख नाही

वही उशीखाली सापडली. अक्षर ओळखीचं. वाचता येतं, हळू. बेबी कोण?

दुपार

फोन वाजला. मी नियमाप्रमाणे गेस्ट हाऊसचं नाव सांगितलं. कोणी म्हातारी बाई. रडत होती. चुकीचा नंबर असणार. तिची भाषा मला येत नाही, पण ठेवून देववेना. ती एकच एक पुन्हापुन्हा म्हणत होती, दबक्या आवाजात, आणि मागे कुणीतरी चालत जवळ येत होतं. पावलं ऐकू येत होती. तिलाही येत असावीत. ती भरभर बोलू लागली. आवाज जसे आले तसे या वहीत उतरवून ठेवते, शिंप्याला विचारीन. अजून बोलतेय ती —

बे बी. पर तये. चुक लंमा झं. ती जे वतना ही. ती झो पतना ही. नुस ती बघ ते. दा दाला तिनं