कोठीच्या दारामागची भाकरी

आदरणीय आपा,

अस्सलामु अलैकुम. तुझी, दुल्हाभाईंची आणि तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची तब्येत अल्लाहच्या मेहेरबानीने चांगली असावी. (गुडघ्यांची चौकशी वेगळी केली, कारण नाही केली तर त्या आठवण करून देतात.) इकडे मुरुडला आम्ही खुशाल आहोत. यूनुस खाली दुकानात, मी वर माझ्या मेंदीत, आणि रमजान निम्मा सरला. तुझी लेक इनशा माझ्या खांद्याला लागली आहे आणि अकलेने माझ्या डोक्यावरून गेली आहे. ती कशी, ते सांगायलाच हे पत्र.

फोन का नाही केला म्हणशील. तुमच्या मस्कतच्या घरात फोन कायम स्पीकरवर. गेल्या वर्षी तू मला म्हणालीस, तैयबा, पोरगी तुझ्याकडे शिकायला ठेवली आहे, बारा वर्षांची होईल, तिला आता ते सांगून टाक. मागून सासूबाईंनी विचारलं, ते म्हणजे काय, आणि तू सांगितलंस, गणित. म्हणून शेजारची यशरा सुट्टी संपवून मस्कतला परत निघाली आहे, तिच्या बॅगेत सुकट आणि आमसुलं यांच्यामध्ये हे पत्र घालून देते. वास आला तर सांभाळून घे.

तर गणित. मी तुला मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, आपा, तू निर्धास्त राहा. मुरुडच्या निम्म्या नवऱ्या मुलींच्या हातांवर मी मेंदी काढली आहे आणि काढता काढता त्यांना नको ते सल्ले दिले आहेत. मला कसली लाज? एका शुक्रवारी इनशाला समोर बसवलं आणि सुरुवात केली, बेटा, तू आता मोठी होतेयस. तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. झालं. माझी गाडी तिथून केसांच्या तेलावर गेली, तेलावरून दातांवर, आणि दातांवर जी थांबली ती हललीच नाही. बिचारी पुढे महिनाभर दिवसातून तीनदा दात घासत होती. दुसऱ्या खेपेला मी आधी दुआ मागून बसले, तरी शेवट दातांवरच झाला.

मग मला सुचलं की तोंडाने जमत नाही ते हाताने करावं. आपण चित्रांची गोष्ट लिहू, मुली वाचतील, आणि मला काही बोलावंच लागणार नाही. (हा शेवटचा फायदा मी कोणाला सांगितला नाही.) किशोरी तुला आठवत असेल, नीराबाई कोळणीची, आपल्या शाळेतली. ती दर रविवारी कोळीवाड्यात आपल्या पडवीत मुलींना गोष्टी वाचून दाखवते, आपल्या मोहल्ल्यातल्या मुलीही जातात. मी तिला पहिली चित्रं नेऊन दाखवली. लाजेपायी मी नायिका पापलेट केली होती. मोती नावाची गोड पापलेट, आणि एक दिवस तिला ते होतं. किशोरी सुकत घातलेल्या बोंबलांच्या मांडवाला धरून हसली. म्हणाली, "अगो तैयबा, पापलेटला कंदी पाली येते काय?"

आली नसेल. पाळी. बघ, लिहिला शब्द, आणि आभाळ कोसळलं नाही. (मी खिडकीतून पाहून आले.)

मोतीची मग मुलगी केली. लाल रंगाला हात लावायचं धाडस होईना, म्हणून फ्रॉकवरचा डाग मेंदीच्या रंगाचा केला आणि सवयीने त्याला नाजूक वेलबुट्टीही काढली. पडवीतल्या मुलींनी विचारलं, मोतीने अंगावर चहा सांडला का? तेव्हा कुठे मी लाल रंग आणला. किशोरी म्हणाली, आमच्यात लोणच्याला हात लावू देत नाहीत, देव्हाऱ्याजवळ जाऊ देत नाहीत, तेही घाल. आणि तुमच्यातलंही एक काहीतरी घाल. आपल्यातलं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. त्या दिवसांत रोजा माफ, पण माफ आहे हे घरात कळता कामा नये. म्हणून पहाटे सहेरीच्या जेवणाला सगळ्यांबरोबर उठायचं, दुपारी दाराआड दोन घास गिळायचे आणि इफ्तारला सर्वांत आधी खजुराकडे हात न्यायचा. मी ते पान मन लावून काढलं. आपलीच कोठीची खोली, तांदळाचं निळं पिंप, दाराला टांगलेली केळी, आणि दारामागे उकिडवी बसून खाणारी मोती. चित्र इतकं हुबेहूब आलं की मी स्वतःवरच खूश झाले.

प्रती काढायच्या होत्या. मुरुडचा झेरॉक्सवाला यूनुसचा दोस्त, म्हणून मी आगरदांड्याहून खाडी ओलांडून, पुढे एसटीने थेट बोर्ली पंचतनला गेले, बुरख्यात, गुन्हेगारासारखी. तिथल्या प्रज्योत नावाच्या झेरॉक्सवाल्याने मला पाहताच विचारलं, तुम्ही मुरुडच्या यूनुसभाईंच्या ना? मग त्याने सगळी पानं शांतपणे वाचली आणि म्हणाला, माझी मुलगीही अकराची आहे, एक प्रत ठेवून घेऊ का? मी हो म्हटलं आणि परतीच्या एसटीत चुकून तिकीट भलत्याच गावाचं मागितलं.

किशोरीने पुस्तक वाचलं त्या रविवारी इनशाही पडवीत होती. मी मात्र मांडवापाशी उभी राहून बोंबलांचा भाव करत होते. आत ती मोतीचं वाचे आणि बाहेर मी घासाघीस करे, त्यामुळे दोन पावसाळे पुरतील इतके बोंबील घरात आहेत. संध्याकाळी इनशाला विचारलं, गोष्ट कशी होती? छान. काही विचारायचंय? नाही. मी मनात तुझं काम फत्ते झाल्याची नोंद केली आणि सुखाने झोपले.

आणि आता या रमजानमध्ये माझे ते दिवस आले. मोकळेपणावर पुस्तक काढणारी तुझी बहीण सहेरीला उठली, दिवसभर ओठ कोरडे दिसावेत म्हणून पावडर लावून फिरली आणि यूनुसला म्हणाली, आज तहान फार लागतेय हो. दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन मी कोठीत दारामागे बसले. (ज्याला सगळं दिसतं त्याने तर सूट दिली आहे. मग मी लपत होते कोणापासून, हे तोंडात घास असताना सुचत नाही.) दुसरा घास तोंडात होता, तेवढ्यात दार हळूच ढकललं गेलं. आत आली इनशा. ओढणीखाली बिस्किटांचा पुडा.

आपा, मी तिच्या पुड्याकडे पाहिलं, तिने माझ्या भाकरीकडे. ती म्हणाली, कालपासून. शाळेत आली. तिला सगळं ठाऊक होतं, घाबरली नाही, फक्त आज भूक लागली. मग इथेच का आलीस, विचारलं, तर म्हणाली, पुस्तकात मोती इथेच बसते ना. मुलींनी मोकळं व्हावं म्हणून मी जे काढलं, त्यातून माझ्याच घरातल्या मुलीने लपायची जागा तेवढी उचलली.

मला का नाही सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, "खाला, तुला लाज वाटेल म्हणून न्हाय सांगितलं."

मला रडू आलं. भाकरी हातात धरून रडले. तिने मला पाणी दिलं, मी तिला अर्धी भाकरी दिली, आणि आम्ही पिंपाला टेकून जेवलो. तेवढ्यात बाहेरून यूनुसचा आवाज. "सुकटीचा वास दुकानापर्यंत येतोय. दोघी बाहेर येऊन नीट बसून खावा. मी दुकानातच हाय."

इनशाला आता पुस्तकाचं ते पान बदलायचं आहे. नवं चित्र तिने काढलं आहे. मोती स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवते, दार उघडं, यूनुसखालू आपल्या दुकानात. मोतीची खाला मात्र अजून कोठीच्या दारामागेच आहे. मी विचारलं, हिला का नाही बाहेर बसवलंस? ती म्हणाली, ती बाहेर आली की बसवीन.

सगळ्यांना दुआ-सलाम. माझ्यासाठीही दुआ कर, जरा जास्तच.

तुझी बहीण,
तैयबा

ता.क. केळी आम्ही वर्षभर स्वयंपाकघरात टांगतो. रमजान लागला की यूनुस ती कोठीच्या दाराला नेऊन टांगतो, आणि इतकी वर्षं मी त्याला वेंधळा म्हणत आले.

ता.क. दुसरं. हे पत्र कोठीतच बसून लिहिलं. दार उघडं ठेवलं आहे. (अर्धं.)

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं तर यासाठीच. इनशाने विचारलं आहे की मस्कतच्या फ्लॅटला कोठी नाही, मग मम्मी कुठे बसून खाते? मी सांगणार नाही, ते तूच सांग. पाळी आल्याचं तिला आधी तुला सांगायचं होतं; त्या संध्याकाळी तिने फोन लावला, स्पीकरवर सगळे ऐकू आले, आणि शाळेचं काहीबाही बोलून तिने ठेवून दिला. तिला फोन कर, आपा. स्पीकर बंद करून. सासूबाईंनी विचारलं, एवढं काय बोलतेस, तर या वेळी गणित म्हणू नकोस.